बाकीचे देवरे सरांबरोबर

जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी आमची शिक्षकांची सभा व्हायची. तिच्या विषयपत्रिकेवर सगळ्यात शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ असं लिहिलेलं असे. आमच्याकडे आयत्या वेळचा विषय एकच होता आणि तो सगळ्यांना आधीपासून पाठ होता. हेडसरांनी चष्मा काढून “आणखी कुणाला काही?” असं विचारलं की चहाचे कप खाली ठेवले जायचे, बायका पर्सचे बंद खांद्यावर घ्यायच्या, आणि मागच्या खिडकीपाशी बसलेले देवरे सर गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उभे राहायचे.

“सर, माझा तोच विषय,” ते म्हणायचे.

कोणीतरी खुदकन हसायचं. हेडसर म्हणायचे, “बोला.”

“पाचवीच्या ड तुकडीची नावं बी माइकवर वाचावीत. बस, एवढंच.”

“बघू,” हेडसर म्हणायचे, आणि सभा संपायची. ते ‘बघू’ ऐकून देवरे सर नाराज झालेत असं मी कधी पाहिलं नाही. बसची वाट पाहून पाहून माणूस शेवटी चालायला लागतो, तसे ते शांतपणे चपला शोधायला लागायचे.

मी त्या शाळेत लागले ती नव्वदीच्या सुरुवातीला. आमच्या शहरातल्या द्वारका चौकातून आत वळलं की ट्रकच्या स्पेअर पार्टची दुकानं लागायची, ती संपली की शाळेचं फाटक. आम्ही मराठी शिकवायचो ते ट्रकच्या हॉर्नशी स्पर्धा करत. पाचवीला मुलं सगळीकडून यायची. कॉलन्यांमधली कारकुनांची, गॅरेजवाल्यांची, ड्रायव्हर लोकांची, शहराच्या कडेला भाजी नाही तर फुलं पिकवून पहाटे बाजारात नेणाऱ्यांची. प्रवेशाच्या वेळी त्यांची एक चाचणी घेतली जाई आणि त्या मार्कांवर तुकड्या पडायच्या. वरचे अ, त्यांच्या खालचे ब, मग क, आणि तळाशी जे राहतील ते ड. सहावीला आणि सातवीला वार्षिक परीक्षेच्या मार्कांवर पुन्हा एकदा चाळण लागायची, पण ड मधून वर गेलेलं मूल क्वचितच पाहायला मिळायचं. या सगळ्याला ‘गुणानुक्रमे वर्गवारी’ असं भारदस्त नाव होतं. नाव भारदस्त असलं की कामाची लाज वाटत नाही.

पहिल्या दिवशी पाचवीची सगळी मुलं मैदानात बसवायची. पर्यवेक्षक भट सर माइकपाशी उभे राहून अ ची नावं वाचायचे. ज्याचं नाव येईल त्याने उठायचं, चड्डीची माती झटकायची आणि अ च्या बाईंमागे रांगेत उभं राहायचं. कडेला उभे असलेले आईबाप तिकडून हात हलवायचे. मग ब ची नावं, मग क ची. क संपेपर्यंत मैदान मोकळं झालेलं असायचं. जी मुलं अजून बसलेली असायची ती आपोआप एकमेकांच्या जवळ सरकायची. कान माइककडे लावून बसायची. आता आपलं येईल, आता येईल. मग भट सर कागदाची घडी घालायचे आणि म्हणायचे, “बाकीचे देवरे सरांबरोबर.” की माइक बंद.

ड ची नावं वाचायचीच नाहीत, ही आमच्या शाळेची रीत होती. कोणी दुष्टपणाने पाडलेली नव्हती ती. ऊन असायचं, वेळ झालेला असायचा. शिवाय ड ची यादी तेव्हा पक्की नसायची. नापास होऊन राहिलेले, उशिरा प्रवेश घेणारे, गावाहून अजून न परतलेले, असे सगळे जुलैपर्यंत तिच्यात पडतच राहायचे. आणि खरं सांगायचं तर नावं वाचायची गरजच काय होती? तीन तुकड्या उठून गेल्यावर जे मैदानात उरतात ते ड मधलेच. हिशेब सरळ होता. इतक्या सरळ हिशेबाला जाऊन एक माणूस वर्षानुवर्षं आडवा येतो, याचं मला पहिल्या दोन-तीन वर्षांत हसूच यायचं.

देवरे सर मूळचे नामपूरकडचे. अंगाने शेलाटे, शर्ट बाहेर सोडलेला, खिशात दोन पेनं आणि दोन्ही न उमटणारी. हजेरी घ्यायची वेळ आली की शेजारच्या वर्गातून पेन मागायला मूल पाठवायचे. मोकळा तास मिळाला की स्टाफरूमच्या लाकडी बाकावर आडवे व्हायचे आणि तोंडावर रुमाल टाकायचे. घंटा झाली की रुमालाखालून आवाज यायचा, “चला, ओढा.” गाडा ओढा, वर्ग ओढा, दिवस ओढा, काय ओढायचं ते ते कधी सांगायचे नाहीत. पुढे पुढे आम्ही सगळेच तास बदलताना एकमेकांना “चला, ओढा” म्हणायला लागलो. माझ्या नवऱ्याला सुद्धा त्याची सवय लागली.

ते फार मोठे शिक्षक होते असं मी म्हणणार नाही. असं काही लिहायला बसलं की माणूस आपोआप थोर होत जातो, तेवढं मला टाळायचं आहे. ते गणित शिकवायचे आणि तेच गणित आदल्या वर्षीच्या शब्दांत शिकवायचे. भूगोलाचा नकाशा टांगायचा कंटाळा करायचे. चिडले की कान पिळायचे. देवरे सरांच्या ड मधून अमका कलेक्टर झाला, तमका डॉक्टर झाला आणि गाडीतून उतरून सरांच्या पाया पडला, असं काही सांगायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यांची बरीच पोरं दहावीच्या अलीकडेच कुठे कुठे कामाला लागली.

आणि स्वतःचा मुलगा? तो आमच्याच शाळेत, अ तुकडीत. भट सरांनी एकदा त्यांना त्यावरून चिमटा काढला. “काय देवरे, ड चा एवढा पुळका, मग चिरंजीव अ मध्ये कसे?”

देवरे सर चहाची बशी फुंकत म्हणाले, “पोरगं अ मधी हाय ते लय बरं हाय. मी काय येडा हाय का?”

त्यांचं एकच कलम होतं, ते म्हणजे नाव.

बाकी सगळ्या वर्गांत हजेरी नंबराने व्हायची. एक हजर, दोन हजर, तीन हजर, की झाली हजेरी. देवरे सर मात्र ड मध्ये पूर्ण नाव घ्यायचे. मुलाचं, बापाचं, आडनाव. तेही सावकाश, आणि प्रत्येक नावानंतर मान वर करून त्या तोंडाकडे बघायचे. माझा वर्ग त्यांच्या शेजारी असायचा, त्यामुळे भिंतीपलीकडून ती लांबलचक नावं मला रोज ऐकू यायची. पहिला तास त्यातच अर्धा संपायचा. भट सरांनी त्यांना त्याबद्दल दोन-तीनदा लेखी विचारलं. तोंडी तर कितीतरी वेळा.

“अहो, गणित कधी शिकवणार मग?” मीही एकदा विचारलं.

“शिकवतो की उरलेल्या तासाला,” ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “बाई, या पोरांचं नाव दिवसभर कोन घेतं सांगा. घरी घेत्यात ते शिवी जोडून. गल्लीत टोपननाव. इथं आपन म्हनतो, ए ड वाल्या. दिवसातून एकदा तरी त्याचं नाव शिवीबिगर घेतलं जावं. गनित काय, आलं तर आलं.”

 

एका सभेत नवीनच आलेल्या एका तरुण शिक्षकाने, मस्करी म्हणून नव्हे तर खरंच कळेना म्हणून, त्यांना विचारलं, “पण सर, ड ची नावं वाचली काय अन् नाही वाचली काय, बसायचं तर ड मध्येच ना?”

त्या दिवशी देवरे सर नेहमीपेक्षा जास्त बोलले. म्हणाले, “आमच्याकडं नामपूरला कांद्याचा बाजार भरतो. मोठा कांदा येतो, मध्यम येतो, गोलटी बी येते. गोलटी म्हंजे हा एवढा, बोराएवढा. भाव लय कमी. पन गोलटी आनली म्हनून तिला सोडून लिलाव पुढं जात नाय. व्यापारी तिथवर चालत येतो, हातात घेऊन बघतो, शेतकऱ्याचं नाव पुकारत्यात, मग बोली लागते. कमी लागते. पन ‘बाकीचे गोलटीवाले तिकडं जा’ असं म्हनत नाय कोनी.” ते खाली बसले. हेडसर म्हणाले, “बघू.”

मैदानातली त्यांची दरवर्षीची तऱ्हाही सांगायला हवी. माइक बंद झाला की आम्ही आपापल्या रांगा घेऊन वर्गाकडे निघायचो. देवरे सर मात्र उरलेल्या मुलांमध्ये जाऊन उकिडवे बसायचे आणि एकेकाला विचारायचे, “तुनं नाव काय शे?” थकले की त्यांच्या तोंडी अहिराणी यायची. शहरातली पोरं ते ‘शे’ ऐकून फिदीफिदी हसायची. हसली की नाव सांगायची. सर ते नाव मोठ्याने परत म्हणायचे, मग पुढच्याकडे सरकायचे. तोवर आमच्या वर्गात पुस्तकांचं वाटप सुद्धा होऊन गेलेलं असायचं.

आता कविताची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय देवरे सर पुरे होत नाहीत.

त्या वर्षी पाचवी अ माझ्याकडे होती. भट सरांनी मैदानात “कविता रमेश जाधव” असं नाव वाचलं, एक सावळी, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली मुलगी उठली आणि माझ्यामागे येऊन उभी राहिली. मैदानाच्या कडेला तिची आई होती, डोक्यावर फुलांची रिकामी पाटी. तिने पाटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इतका आनंद झालेली आई मी त्या मैदानात दुसरी पाहिली नाही.

मुलगी चांगली होती. सावकाश लिहायची, पण लिहायची. प्रश्न विचारला की आधी शेजारणीकडे बघायची आणि मग हात वर करायची. पहिली घटक चाचणी झाली, तिला बरे मार्क पडले. पहिल्या मुलींत नव्हती, पण शेवटच्यांतही नव्हती. मला कसलीच शंका आली नाही.

मग एके दिवशी सकाळी एक गृहस्थ इस्त्रीच्या कपड्यातली मुलगी घेऊन माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले. मुलीच्या चेहऱ्यावर कांजिण्यांचे डाग होते. “आधी गावी होतो, मग हिला कांजिण्या झाल्या, म्हणून आणता आलं नाही,” ते म्हणाले. “कविता रमेश जाधव. हिचं नाव अ मध्ये आहे ना?”

सगळा घोटाळा तेव्हा उलगडला. एकाच नावाच्या दोन मुली. चाचणीत वरचे मार्क होते ते या दुसरीला. फुलवालीची कविता ड मधली होती, पण ड ची नावं कोणी वाचतच नव्हतं, आणि ड च्या हजेरीत ती गावाहून अजून न परतलेल्यांत धरली गेली होती. तिने आपलं नाव ऐकलं आणि ती उठली. ऐकलेलं नाव आपलं नाही, असं कुणाला वाटेल?

भट सर नियमाचे होते. वाईट नव्हते, नियमाचे होते. त्यांनी शिपायाला हाक मारली आणि सांगितलं, “पाचवी अ मधून ती मुलगी ड मध्ये नेऊन बसव.” मी म्हटलं, माझ्या वर्गात एक बाक जास्तीचा बसेल. ते म्हणाले, “बाई, बाकाचा प्रश्न नाहीये.” एवढ्यात देवरे सर ऑफिसात आले. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

“राहू द्या तिला तिथंच,” ते म्हणाले.

“देवरे, चूक झाली आहे. चूक दुरुस्त करायला नको?”

“दुरुस्त करा ना. पुढच्या वर्षी करा. ती शिकतीये तिथं. बाईंना विचारा.”

“शिकते आहे,” मी म्हटलं.

“मग उद्या ड मधले आणखी चार पालक येतील, आमच्या मुलाला पण बसवा म्हणून. त्यांना काय सांगू?”

“त्यांना सांगा, हिचं नाव घेतलं होतं.” देवरे सरांचा आवाज चढला. त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. “तुम्ही घेतलं होतं, भट सर. माइकवर, साऱ्या मैदानासमोर. तिच्या मायनं ऐकलं. आता ते परत कसं घेनार तुम्ही?”

 भट सरांनाही ते सोपं जात नव्हतं, हे मला दिसत होतं. पण ते म्हणाले, “नियम एकीसाठी मोडता येत नाही.” आणि शिपायाकडे वळले.

“शिपाई नको,” देवरे सर म्हणाले. “मी आनतो.”

ते माझ्यामागून वर्गात आले. दारात उभे राहून, हजेरीला घ्यायचे तसंच पूर्ण नाव घेतलं. “कविता रमेश जाधव.” दोन मुली उभ्या राहिल्या. वर्ग हसला. सरांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. मग घट्ट वेण्यांच्या कविताच्या बाकापाशी गेले, तिचं दप्तर उचलून स्वतःच्या खांद्याला लावलं आणि म्हणाले, “चल बाई. माझ्या वर्गात चल.”

ती हलली नाही. तिला कळलं होतं. मुलांना सगळं आधी कळतं. बाकाची कड धरून ती म्हणाली, “सर, माझं नाव घेतलं व्हतं.”

“घेतलं व्हतं,” देवरे सर म्हणाले. “म्या बी ऐकलं.”

मग ती गेली. त्या दिवशी देवरे सरांनी चहा घेतला नाही, बाकावर आडवे झाले आणि घंटा झाल्यावर रुमालाखालून काही आवाज आला नाही. मला इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या कविताशी मी पुढचे काही दिवस नीट बोलले नाही, आणि त्यात तिचा बिचारीचा काही दोष नव्हता. फुलवालीची कविता सातवीपर्यंत आमच्याकडे होती. ड मध्ये बसून ती काही चमकली नाही. हात वर करायची तिची सवय मात्र गेली, असं देवरे सरांनीच एकदा मला सांगितलं. तिची आई पुन्हा शाळेच्या कोणत्या कार्यक्रमाला आलेली मी पाहिली नाही.

या प्रकारातून शाळा एक गोष्ट शिकली. पुढच्या जूनपासून भट सर नावाबरोबर मुलाच्या आधीच्या शाळेचंही नाव वाचायला लागले, म्हणजे घोटाळा नको. ड ची नावं वाचायचा विषय देवरे सरांनी त्या सभेतही काढला. “बघू,” हेडसर म्हणाले.

अशी बरीच वर्षं गेली. दोन हजार साल उलटलं, भट सर निवृत्त झाले, पाठोपाठ हेडसरही झाले आणि त्यांच्या जागी हेडबाई आल्या. तडफदार बाई. मार्कांवर तुकड्या पाडणं त्यांना मुळातच पसंत नव्हतं. आल्या आल्या त्यांनी ती पद्धत बंद केली आणि सगळी मुलं सरमिसळ करून चार वर्गांत वाटली. त्या जूनमध्ये मैदानात बसलेल्या प्रत्येक मुलाचं नाव वाचलं गेलं. फार वेळ लागला. शेवटी माइक चिरचिरायला लागला, मुलं पाणी पाणी करायला लागली. देवरे सर मागे फाटकाच्या सावलीत उभे राहून डोळे मिटून ऐकत होते. मी त्यांना म्हटलं, “सर, झालं की तुमचं!”

“झालं,” ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी स्वतःच्या पैशांनी सगळ्यांना जिलेबी आणली. माणूस इतका हिशेबी की चहाची वर्गणी मागून मागून घ्यावी लागायची, त्याने जिलेबी आणली.

पण दिवाळीपर्यंत त्यांचा चेहरा उतरला. एकदा दुपारी बाकावर आडवे होऊन, रुमाल तोंडावरून बाजूला करत ते म्हणाले, “बाई, माझी पोरं सापडत नाय.”

“कुठे गेली?”

“हायेत वर्गातच. पन मागं बसलीत, गप. आधी चाळीस गप पोरं एका जागी होती, तर त्यातली दहा बोलायला लागायची. आता पुढची हुशार पोरं बोलत्यात, मागची त्यांची पाठ बघत्यात. मी हजेरीला नाव घेतो, ते ‘हजर’ म्हनतं, अन् दिवसभरात तेवढंच बोलतं.” मग स्वतःशीच म्हणाले, “म्हंजे माझंच चुकलं व्हतं का काय?”

चुकलं नव्हतं, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण ती मला समजावल्यासारखी.

आणि मग पालक यायला लागले. आमच्या मुलाला कुणाहीसोबत बसवता, त्याचं नुकसान होतं, आम्ही दुसरीकडे नेतो. काहींनी नेलीही. पाचवीचा एक वर्ग बंद पडायची वेळ आली तेव्हा हेडबाईंचा नाइलाज झाला. तोवर सगळीकडे सेमी इंग्लिशचं वारं आलंच होतं. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. आमच्याकडेही सेमीचे दोन वर्ग निघाले. त्यासाठी एक चाचणी. वरचे मार्कवाले सेमीला. उरलेले मराठीला. अ-ब-क-ड ही अक्षरं शाळेतून गेली ती गेलीच, ती पुन्हा कुणी उच्चारली नाहीत. बाकी सगळं ये रे माझ्या मागल्या.

हेडबाईंनी हे ज्या सभेत सांगितलं त्या सभेत त्या देवरे सरांकडे बघायचं टाळत होत्या. मला त्यांची दया आली. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ आले. सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. कोणी हसलं नाही.

“देवरे सर, तुमचं काही?” हेडबाईंनी विचारलं.

देवरे सर उठायला लागले, गुडघ्यांवर हात टेकले, आणि तसेच पुन्हा खाली बसले. “काय नाय, बाई,” ते म्हणाले. “चालू द्या.”

त्या वर्षी ते निवृत्त व्हायचे होते. खरं म्हणजे ते त्याआधीच थकले होते. घसा बसलेला असायचा, गुडघ्यांमुळे जिने चढवत नव्हते. निरोपसमारंभ झाला, शाल झाली, श्रीफळ झालं, आणि पाहुण्यांनी ‘तळागाळातल्या मुलांसाठी झटणारे’ वगैरे भाषण केलं. देवरे सर उत्तराला उठले आणि “सगळ्यांनी जेवून जा” एवढंच बोलले. पण मला तो समारंभ आठवत नाही. मला आठवतो त्याआधीचा जून, त्यांचा शाळेतला शेवटचा.

पाचवीची मुलं मैदानात बसली होती. हेडबाई स्वतः माइकवर होत्या. सेमीच्या पहिल्या वर्गाची नावं झाली, मग दुसऱ्याची. तो वर्ग माझ्याकडे होता. माझी रांग मैदानाच्या मध्यावर, आणि उरलेली मुलं अगदी माझ्या मागेच बसलेली. देवरे सर फाटकाकडून सावकाश चालत त्यांच्यापाशी आले. यंदा उरलेले त्यांचेच होते. त्यांनी उकिडवं बसायचा प्रयत्न केला, ते जमेना, तर नुसतेच वाकून गुडघे धरून उभे राहिले. शर्ट बाहेर, पायात चपला, दाढी वाढलेली. अंगावर मास्तर असल्याची काहीच खूण नव्हती.

पुढ्यात एक मुलगी बसली होती, दप्तर मांडीवर घट्ट धरून. नवीन होती, कुठल्याशा खेड्यातून आलेली. ती मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिली. मग कळवळून म्हणाली, “बाबा, तुमचं बी नाव नाय आलं का?”

मी वळून पाहिलं. मला हसू आलं होतं, ते तसंच राहिलं. देवरे सर तिच्याकडे बघत होते. ते सांगतील, अगं मी सर आहे, असं मला वाटलं. कान धरतील असंही वाटलं.

“नाय आलं,” ते म्हणाले.

मुलगी बाजूला सरकली. हाताने जागेवरची खडी झाडली. “बसा हितं,” ती म्हणाली. “येईल.”

तिकडे हेडबाईंच्या हातातला कागद संपला होता, मी जिथे उभी होते तिथून मला तो दिसत होता. त्यांनी त्याची घडी घातली. मला माझी रांग वर्गात न्यायची होती, मी “चला” म्हटलं आणि मुलं चालायला लागली. व्हरांड्याच्या पायरीवर चढून मी मागे पाहिलं. देवरे सर एक हात जमिनीला टेकवून त्या मुलीशेजारी खाली बसले होते, आणि दोघंही माइककडे बघत होती.